न चोळलेला पाय

माझा डावा पाय आज धड आहे, आणि मी हे लिहायला जिवंत आहे, ते आमच्या मालकीणबाईंमुळे. हे आधीच लिहून ठेवतो. पुढं एकदा घराच्या आठवणीत शिरलो की मला बाहेर पडता येत नाही, आणि जिचं नाव पहिल्यांदा घ्यायचं तीच मागं राहून जाते. त्यांना सगळा कारखाना अक्का म्हणतो. तेलुगू बोलणाऱ्या विणकराचं घर. वयानं माझ्या आईपेक्षा त्या थोड्या थोरल्याच. पण मी आलो त्या पहिल्या दिवशी त्या मला तम्मी म्हणाल्या, म्हणजे धाकटा भाऊ, आणि ते नातं तसंच राहिलं. हिशोब केला तर मुलगा म्हणायला हवं होतं. हिशोब कुणी केला नाही.

मी सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. शाळा चौथीपर्यंत, आणि चौथीही पुरी नाही. त्या पावसाळ्यात मेंढरांत देवीची साथ आली आणि आमच्या वाड्यातली निम्म्याहून जास्त मेंढरं आठ-पंधरा दिवसांत गेली. वाडा म्हणजे आमच्यात मेंढरांचा कळप, दुसरं काही नाही. मास्तर घरी येऊन म्हणाले, पोराची परीक्षा तेवढी होऊ द्या. आबा, म्हणजे माझे वडील, नुसते मान हलवत बसले. मग आमच्या भावकीतला एक जण सोलापुरात घोंगडी विकायला जायचा, त्याच्याबरोबर मला धाडलं. घरची लोकर काततो, बोटं बारीक चालतात, कुठं तरी मागावर लागेल, एवढाच विचार. पायी दोन दिवसांची वाट. मी ती हसत चाललो. तेव्हा मला चालण्याचं काय होतं! मेंढरामागं दिवसभर चालायचो आणि रात्री पाय दुखले असं कधी आठवत नाही. आई तरीही चोळायची. करडईच्या तेलात ओवा आणि लसूण कडवून ठेवलेला असायचा, त्यात बोटं बुडवून पोटरीवरून खाली, घोट्यापर्यंत. मला झोप लागली तरी तिचा हात चालू असायचा, हे मला धाकट्या बहिणीनं सांगितलं.

कारखाना म्हणजे मोठं काही नव्हे. लांबट घर, त्यात सात माग, मागं राहायच्या दोन खोल्या. प्रत्येक माग जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर. विणणारा काठावर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडतो. खाली दोन फळ्या असतात, त्या एकीनंतर एक दाबत राहायच्या. मला मात्र विणायला बसवलं नाही. माझी बोटं बघून मालकांनी मला सांधायला घातलं. मागावरचा ताणा, म्हणजे उभी सुतं, विणून संपत आला की त्या जुन्या ताण्याच्या एकेका तारेला नव्या ताण्याची एकेक तार जोडायची असते. बोटाला राख लावायची, दोन टोकं एकत्र पिळायची, सोडायची, पुढची धरायची. एका लुगड्याच्या रुंदीत अशा हजारांनी तारा. सांधणाऱ्यालाही काठावर बसून पाय खड्ड्यातच सोडावे लागतात, पण त्याच्या पायांना काम नसतं. विणणाऱ्याचे पाय दिवसभर नाचतात, सांधणाऱ्याचे नुसते लोंबतात. काठाची फळी मांडीखाली रुतत राहते. संध्याकाळी वर यायचं म्हटलं तर आधी हातानं पाय उचलून बाहेर ठेवावे लागत, मग थोड्या वेळानं ते आपले वाटायचे.

आमच्या खात्यात एक रीत होती. सांधायला बसला तो पुरं करूनच उठतो. मधे उठला तर तार चुकते, आणि एक तार चुकली तर पुढचं सगळं लुगडं तिरकं. हे कुणी लिहून दिलं नव्हतं. म्हातारा सांधणारा होता तो तसं करायचा, म्हणून मीही तसंच करू लागलो. आणि माझं आणखी एक होतं. पाण्याचा रांजण आत, स्वयंपाकघराच्या दाराशी. त्याला मी हात लावावा की न लावावा, हे मला कळत नव्हतं. आपली जात वेगळी, भाषा वेगळी, ठेवून घेतलंय तेच पुष्कळ, असं मनात. कुणी नको म्हणालं नव्हतं. मीच कधी विचारलं नव्हतं. कुणी पाणी घेऊन आलं तर ओंजळ करायची, नाही तर गप्प बसायचं. पाणी कमी प्यालं तर उठायचीही गरज पडत नाही, हा फायदाच वाटायचा. मला भीती एकाच गोष्टीची होती. ह्या लोकांना माझा त्रास वाटला तर ते मला परत पाठवतील आणि परत गेलो तर आबांच्या ताटातलं अर्धं मला वाढलं जाईल.

तरी रोज परत जायचंच मनात असायचं. हे दोन्ही एकाच वेळी कसं असतं ते मला सांगता येत नाही.

तिसऱ्या वर्षीचा उन्हाळा. लग्नसराई, लुगड्यांना मागणी, सातही मागांचे ताणे एकापाठोपाठ संपत होते. म्हातारा सांधणारा गावी गेला होता. मी एकटा. चार-पाच दिवस मी दिवस उगवता खड्ड्यात उतरलो आणि दिवस मावळता वर आलो. सोलापूरचं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पत्र्याखाली घाम गळून बोटांवरची राख चिखल व्हायची. ते काम संपलं आणि मला थंडी वाजून ताप भरला. हिवताप. कारखान्याच्या कोपऱ्यात सुताच्या गाठोड्यांजवळ माझं अंथरूण होतं, तिथं मी आठ-दहा दिवस पडून राहिलो. अक्का पेज आणून ठेवायच्या. मी दोन घोट घ्यायचो आणि भिंतीकडं तोंड करायचो. तापात मला मेंढरं दिसायची. ओढ्याच्या कडेनं चाललीत, मी मागं आहे, आणि माझे पाय उचलत नाहीत.

ताप उतरला त्या सकाळी मी उठायला गेलो तर डावी पोटरी दुखली. वाटलं, पडून पडून आखडली असेल. दुपारी बघितलं तर पाय सुजलेला. उजव्याच्या दीडपट. कातडी ताणून चकचकीत झालेली, हात लावला तर गरम. पाऊल वर वळवलं की पोटरीत कळ यायची. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर आईनं एकदा चोळला असता म्हणजे झालं असतं. मी स्वतःच चोळायला हात घातला, तेवढ्यात अक्का पेज घेऊन आल्या. त्यांनी वाटी खाली ठेवली नाही, हातातून सुटली.

"वद्दु," त्या म्हणाल्या.

तेलुगूतला हा पहिला शब्द मी शिकलो होतो. वद्दु म्हणजे नको. लहान पोरांना तो दिवसभर ऐकावा लागतो. पण अक्कांनी तो इतक्या हळू म्हटलेला मी कधी ऐकला नव्हता.

त्या दिवसापासून घरात दोन मतं झाली. मालक भले माणूस, चष्म्यावरून बघत कमी बोलणारे. त्यांचं म्हणणं, परक्याचं पोर आहे, काही कमीजास्त झालं तर त्याच्या बापाला काय तोंड दाखवायचं, निरोप धाडा आणि घरी पोचवा. अक्कांचं म्हणणं, हलवायचं नाही. ते तेलुगूत भांडायचे म्हणून मला कळत नाही असं त्यांना वाटायचं. तीन वर्षांत मला बरंच कळायला लागलं होतं. आणि पडल्या पडल्या मी मालकांच्या बाजूचा होतो. निरोप धाडा, असं मीच ओरडून सांगावं असं वाटायचं. अक्कांनी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाय पाहिला, दोन्ही पोटऱ्यांकडं कितीतरी वेळ बघितलं, पायाखाली लोड द्यायला सांगितला. पाणी भरपूर द्या आणि हा हलणार नाही असं बघा, परत येतो, म्हणाले.

निरोप गेलाच. घोंगडीवाल्या भावकीच्या माणसाकडून मालकांनी धाडला. आणि चौथ्या दिवशी दुपारी आबा दारात उभे. खांद्यावर घोंगडं, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या वहाणा. दोन दिवसांची वाट दीड दिवसात तोडली होती. माझ्याजवळ बसले, पायाकडं बघितलं आणि घोंगड्याच्या खोळीतून एक बाटली काढली. कापडाचा बोळा लावलेली. बोळा काढला आणि ओवा-लसणाचा वास आला. मला वाटलं, मी घरी पोचलो.

"तुझ्या आईनं दिलंया," आबा म्हणाले. "रातीत कडवलं. लई रडती. म्हनली, गेल्या गेल्या आदी चोळा."

त्यांनी तळहातावर तेल ओतलं. मी डोळे मिटले. हात पायाला लागायच्या आधीच कुणी तरी तो धरला. डोळे उघडले तर अक्का. आमच्यात परक्या बाईनं पुरुषाचा हात धरणं म्हणजे काय ते सांगायला नको, त्यांच्यातही तेच असणार. तेल आबांच्या मनगटावरून अक्कांच्या बांगड्यांवर ओघळलं.

"चोळायचं नाही," अक्का म्हणाल्या. "नुसता हातपण लावायचा नाही."

"बाई, माजं पोरगं हाय. मी चोळू नगं?"

"तुमचं आहे म्हणूनच नको."

त्यांनी बाटली काढून घेतली आणि आत नेली. आबा तसेच तेलकट हात घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मेंढराचा पाय दोरीनं आवळून सुजला तर आबा तो चोळून, त्याला हळूहळू चालवून मोकळा करायचे. सगळ्या माळावर आबांचा हात त्यासाठी नावाजलेला. त्या हाताला कुणी अडवलं नव्हतं. थोड्या वेळानं ते दारातूनच म्हणाले, उद्याच्या मोटारीनं तुला न्हेतो. हितं ऱ्हायचं न्हाय. मी म्हणालो, व्हय आबा. मला किती आनंद झाला ते लिहायला मला आजही लाज वाटते, कारण आतल्या खोलीत अक्का ऐकत होत्या.

सकाळी मोटारीच्या आधी अक्कांनी पुन्हा डॉक्टर आणले. स्वतः जाऊन, टांग्यातून. डॉक्टर वयस्कर, मराठीच, बोलणं सावकाश. एका मागाच्या काठावर टेकले आणि आबांना समोर बसवून घेतलं. म्हणाले, ह्याच्या पायातल्या खोल शिरेत रक्त गोठून गाठ झालीय. आबांनी विचारलं, मार लागला न्हाय, जखम न्हाय, मग रगत गोठलं कसं? डॉक्टर म्हणाले, रक्त चालतं ठेवायला पाय चालता लागतो. पोटरी हलली की शिरेतलं रक्त वर ढकललं जातं. हा बसून राहिला, मांडीखाली फळी रुतत होती तिथं शीर दबली. उन्हात पाणी प्यायला नाही, रक्त दाट झालं. वर ताप आला, तापानं रक्त आणखी गोठायला बघतं, आणि तापात दहा दिवस पडून. एकट्या एका गोष्टीनं कदाचित झालं नसतं. सगळी एकदम आली.

आबांच्या चेहऱ्यावरून त्यांना हे पटलंय असं दिसेना. रक्त म्हणजे काय ओढ्याचं पाणी आहे का थांबायला, असं काहीसं ते पुटपुटले. तेव्हा अक्का उठल्या आणि खळीचं भांडं घेऊन आल्या. सुताला ताठपणा यावा म्हणून पिठाची खळ करतात ती. रात्री ती ढवळायची राहून गेली होती. अक्कांनी त्यात पळी घातली आणि वर काढली, तर पळीवर थुलथुलीत गोळा.

"काल ही पातळ होती," त्या म्हणाल्या. "ढवळली नाही. पाणी आटलं. बस, एवढंच."

आबा त्या गोळ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, गोळा हाय तर चोळून मोडावा की. त्यांचं बरोबरच होतं, म्हणजे त्यांच्या बाजूनं. डॉक्टर म्हणाले, मोडेल की. मोडून जाईल कुठं? शीर वर जाते. पायातून पोटात, पोटातून काळजात, तिथनं फुप्फुसात. तुकडा तिथं अडकला तर माणूस बोलता बोलता जातो. अंग स्वतःच ती गाठ हळूहळू जिरवतं, त्याला वेळ द्यायचा. मोटारीत हादरे खात नेऊ नका, चालवू नका, चोळू नका. मग विचारलं, तुमच्या रक्तातल्या कुणाला असं कधी झालंय का? काही घरांतून हे येतं. आबा म्हणाले, न्हाय.

तरीही आबांची नजर दाराकडं, मोटारीच्या वेळेकडं होती. मला दिसत होतं. माझीही होती.

अक्कांची नात त्या वेळी पाचएक वर्षांची. ती पलीकडं बसून सुताच्या कांड्यांशी खेळत होती. तिला आई नाही एवढं मला ठाऊक होतं, का नाही ते कुणी कधी बोललं नव्हतं. अक्कांनी तिला बाहेर पाठवलं. आणि मग आबांकडं न बघता, मागाकडं बघत सांगितलं.

"माझी लेक. हिची आई. बाळंत झाली, आम्ही तिला बाजेवरून उठू दिलं नाही. पाणी मागायची. बाळंतिणीला पाणी नको म्हणतात, म्हणून घोट घोट दिलं. पाय सुजला. असाच. चकचकीत. मी चोळला. दोन्ही हातांनी चोळला, तेल गरम करून. तिला बरं वाटलं. उठून बसली, म्हणाली, पोरीला माझ्याकडं दे. मी पोरीला उचलायला वळले. वळले तेवढंच."

डॉक्टर हळूच म्हणाले की चोळलं नसतं तरी तसं झालं असतं कदाचित, बाळंतपणानंतर रक्ताला गोठायची ओढ असतेच, हे मी तुम्हाला मागंही सांगितलंय. अक्कांनी मान हलवली. ती मान पटल्याची नव्हती.

सातातले दोन माग चालू होते, त्यांचाच काय तो आवाज. मग आबांनी घोंगडं खांद्यावरून काढून घडी करून ठेवलं. निघणाऱ्या माणसानं घोंगडं काढलं म्हणजे तो राहिला. मला ते समजलं. घरी जाणं राहिलं, आणि त्याच वेळी जीव हलकाही झाला.

"दाक्तरसाब," आबा म्हणाले, "मग ह्या दुसऱ्या पायाला चोळलं तर चालतंय का?"

डॉक्टर पहिल्यांदाच हसले. म्हणाले, त्याला चोळा.

अक्का आत गेल्या आणि बाटली दोन्ही हातांनी आणून आबांपुढं ठेवली. आबांनी माझ्या उजव्या पायाला, ज्याला काहीच झालं नव्हतं त्या पायाला, दुपारभर चोळलं. पोटरीवरून खाली, घोट्यापर्यंत, आईचीच रीत. डावा पाय लोडावर तसाच. मला रडू आलं, मी चादर तोंडावर ओढून घेतली तरी त्यांना कळलं. दुकतंय का माज्या हातानं, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, न्हाय. चोळता चोळताच ते हळू आवाजात म्हणाले, तुझा थोरला चुलता विहिरीवरनं पडून खुबा मोडला तेव्हा महिनाभर पडून होता, त्याचा पाय असाच फुगलेला. आणि उठून बसवला त्या दिवशी धाप लागून गेला. आम्ही म्हणायचो, कुणी तरी करणी केली. दाक्तरला सांग, मला सकाळी सुदरलं न्हाय. मी नंतर सांगितलं. डॉक्टरांनी वहीत लिहून घेतलं आणि मला म्हणाले, हे जन्मभर ध्यानात ठेव.

आबा दोन दिवस राहिले. मागं मेंढरं होती, आई एकटी. जाताना त्यांना काळजी एकच, आईला काय सांगायचं. बरा आहे म्हणालो तर तिला खोटं वाटेल, न्यायला गेलो आणि मोकळा आलो. तेव्हा अक्कांनी सुताचं बंडल घेतलं. माझ्या दोन्ही पोटऱ्यांभोवती, दाब न देता, एकेक सूत धरलं आणि तेवढंच तोडलं. उजव्याचं पांढरं, डाव्याचं तांबडं. ती दोन सुतं आबांच्या पागोट्याच्या टोकाला बांधली. म्हणाल्या, आईला दाखवा, कुठला पाय किती ते तिला डोळ्यानं दिसेल. पुढची सुतं मी पाठवत जाईन. आईला अक्षर येत नव्हतं. सूत येत होतं.

त्यानंतरचे दिवस लांब होते. जवळजवळ सहा आठवडे मी त्या कोपऱ्यात पडून होतो. अक्कांनी माझ्या उशाशी स्वतंत्र मडकं आणि तांब्या ठेवला आणि दिवसातून किती तांबे गेले ते बघायच्या. पावसाची झड येऊन गेली, माळावर गवत उगवलं असेल, आबा वाडा घेऊन कुठल्या बाजूला निघाले असतील, हे मी छताकडं बघत मोजायचो. आईचा हात आठवायचा. तो एकच आठवायचा, तिचा चेहरा आठवायला गेलो तरी हातच. आठवड्याला घोंगडीवाला यायचा आणि दोन सुतं घेऊन जायचा. तांबडं सूत दर खेपेला थोडं आखूड. एका आठवड्यात ते आखूड झालंच नाही. मी अक्कांना म्हणालो, दोन्ही सारखीच तोडा ना ह्या वेळी, आईला बरं वाटेल. अक्कांनी कात्री खाली ठेवली.

"वद्दु, तम्मी. आईला खोटं सूत नको."

आणि खरं तेच गेलं.

मी उठलो, काठी घेऊन ओट्यापर्यंत गेलो, मग काठीशिवाय. पुन्हा सांधायला बसायची वेळ आली तेव्हा अक्कांनी कारखान्याची रीतच मोडली. मला सांगितलं, शंभर तारा झाल्या की उठायचं, रांजणापर्यंत चालायचं, स्वतःच्या हातानं पाणी घ्यायचं, परत बसायचं. मांडीखाली फळीवर घोंगड्याची घडी. तार चुकली तर चुकू दे. पहिल्या दिवशी रांजणाला हात लावण्याआधी मी स्वयंपाकघराकडं बघून घेतलं, आणि तिथून कुणी वळूनही बघितलं नाही. तीन वर्षं मी कशाला भ्यालो होतो! विणणारे मात्र सोडतात होय. मी उठलो की शेजारच्या मागावरून आवाज येणार, "शंभरी भरली रे याची." पुढं म्हातारा सांधणाराही उठायला लागला. तोंडानं म्हणायचा, ह्या पोराची सोबत म्हणून उठतो. तार कधी चुकली नाही.

दिवाळीला मी घरी गेलो, मोटारीनं. वाटेत दोनदा उतरून चाललो, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. आई दारात होती. आत गेलो तर खोपटाच्या मधल्या मेढीला, म्हणजे खांबाला, सुतं बांधलेली, पांढऱ्याशेजारी तांबडं, जोडीजोडीनं, वरून खाली. आईनं शेवटची जोडी बोटांत धरली. म्हणाली, "बोटभर उरलंय की अजून." तो बोटभर फरक आजही आहे. संध्याकाळ झाली की पाय जड होतो, घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा पडतो. रात्री ती तेल घेऊन बसली. तिचा हात सवयीनं डाव्या पायाकडं गेला आणि मधेच थांबला. आबांनी तिला सगळं सांगितलं होतं. आता चोळलं तरी चालतं, डॉक्टर म्हणाले होते. मी तसं बोललोही. पण तिचा हात पुढं आला नाही. तिनं उजवाच चोळला. मी दर वर्षी जातो तेव्हा ती उजवाच चोळते. डाव्या पायाला आईचा हात लागून आता किती तरी वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी आबांबरोबर मेंढरामागं निघालो. ओढा ओलांडेपर्यंत पाय भरून आला. आबांनी वाडा माघारी वळवला. तेव्हाच मला कळलं की मी आता ह्या माळाचा पाहुणा. गेल्यावर चार दिवस राहायचं, मेढीवरची सुतं बघायची आणि सोलापूरच्या मोटारीत बसायचं. सोलापुरात आलो की रात्री माळावरचा वास येतो, आणि माळावर गेलो की मागांचा आवाज ऐकू येतो. ह्याला औषध नसावं.

अक्का आता थकल्यात. नात चौदाची व्हायला आली. घरात तिच्या लग्नाच्या गोष्टी चालू आहेत, आणि त्या गोष्टी निघाल्या की अक्का उठून आत जातात. त्या कशाला भितात ते मला ठाऊक आहे. एकाच रक्तातली आहे ती पोर. मी त्यांना काय देऊ शकतो, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. त्यांना माझ्याकडून काही लागत नाही. पण अक्का, हे मी तुम्हाला लिहून देतो, आणि तुमच्या नातीला वाचता येतं, ती तुम्हाला वाचून दाखवील. ती पहिल्या बाळंतपणाला ह्या घरी येईल तेव्हा मी जिथं असेन तिथून येईन. डॉक्टरांना आधीच सगळं सांगून ठेवीन, तुमच्या लेकीचं, काही न लपवता. तिच्या बाजेशी मडकं भरून ठेवीन, ते दिवसात किती वेळा रिकामं झालं ते बघीन, आणि डॉक्टर हो म्हणतील त्या दिवशी तिला उठवून चार पावलं चालायला लावीन. तिच्या पोटरीचं सूत रोज तोडून तुमच्या हातात देईन. तुम्ही आत स्वस्थ बसायचं. मी दारात बसेन, आणि कुणी कितीही मायेनं तेलाची बाटली घेऊन आलं, तरी त्याचा हात धरून त्याला वद्दु म्हणेन.